सत्तरीत घरी बसवलेला कोच: अमोस अलोन्झो स्टॅग, आणि आमचे आप्पा

मैदानमाती
नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आमचे आप्पा तालुक्याच्या गावी एका शाळेत क्रीडाशिक्षक होते. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले. ५८ व्या वर्षी निवृत्त झाले, त्यालाही आता १३ वर्षं होतील. पण मैदान सुटलं नाही. पहाटे साडेपाचला गळ्यात शिट्टी, मैदानावर पाणी मारायचं, चुन्याने रेषा आखायच्या, आणि सहाला मुली आल्या की खो-खो सुरू. एक पैसा घेतला नाही कधी. गेल्या महिन्यात शाळेने निरोप दिला, "सर, आता विश्रांती घ्या, नवीन प्रशिक्षक नेमलाय." बोलणं नम्र होतं, पण निर्णय झालेला होता. तेव्हापासून आप्पा साडेपाचलाच उठतात आणि ओसरीवर बसून राहतात. शिट्टी खुंटीला.

त्यांना वाचून दाखवायला काही शोधत होते, त्यात अमोस अलोन्झो स्टॅग हा अमेरिकन माणूस भेटला आणि मी चार रात्री त्याच्यातच अडकले. थोडक्यात सांगते.

जन्म १६ ऑगस्ट १८६२, न्यू जर्सीतलं वेस्ट ऑरेंज. वडील चांभारकाम करायचे, मिळेल ती मजुरी करायचे. घरात पोरं खूप, पैसा नाही. पोराला धर्मोपदेशक व्हायचं होतं म्हणून तो शिकत राहिला. एक्झिटरच्या शाळेत असताना माळ्यावरच्या खोलीत राहून बिस्किटांवर दिवस काढले. पुढे येल विद्यापीठात गेला. तिथे बेसबॉलमध्ये चेंडू टाकण्यात इतका पटाईत निघाला की व्यावसायिक संघ पैसे घेऊन दारात आले. याने सगळ्यांना नकार दिला. त्या काळी बेसबॉलच्या मैदानाला दारूचा गुत्ता चिकटलेला असायचा, ते त्याला नको होतं.

फुटबॉलमध्ये तो कडेला खेळायचा. १८८८ च्या येल संघाने त्या हंगामात ६९८ गुण केले आणि समोरच्यांना एकही करू दिला नाही, त्या संघात स्टॅग होता. १८८९ मध्ये देशातला पहिला 'ऑल-अमेरिका' संघ, म्हणजे देशभरातल्या उत्तम खेळाडूंचा मानाचा संघ, निवडला गेला, त्यातही होता. मग त्याच्या लक्षात आलं की व्यासपीठावर उभं राहून बोलणं हे आपलं काम नाही. धर्म सांगायचा तर मैदानावरून सांगू, असं ठरवून तो स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या, प्रशिक्षण शाळेत गेला. तिथून १८९२ मध्ये नव्याने उघडलेल्या शिकागो विद्यापीठात. तिथे ४१ हंगाम.

आणि १९३२ मध्ये, वयाला ७० पूर्ण झाली म्हणून, विद्यापीठाने त्याला थांबायला सांगितलं. खेळाडूंपासून दूर, समितीवरचं एक पद देऊ केलं. त्याने ते नाकारलं, सामान बांधलं आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात स्टॉकटन गावच्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये जाऊन नव्याने सुरुवात केली. सत्तरीत.

आप्पांना हे वाचून दाखवलं तर ते उसळून उठतील, की आणखी खचतील, हे मला कळत नाहीये. तुम्हाला काय वाटतं? स्टॅगने हट्ट केला तो बरोबर होता का? की वेळेवर मैदान सोडणं हेही शिक्षकाचंच काम?

कट्टेकरी
वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: हा फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा, की ते हेल्मेटवाले धडकतात तो?

मोगरा_फुलला
आप्पांना नमस्कार सांगा ताई. आमच्या शाळेत असेच एक सर होते, त्यांच्यामुळे मी आज सरळ चालते आहे. पाय मोडल्यावर सहा महिने रोज माझ्याबरोबर मैदानाला फेऱ्या मारल्या त्यांनी.

वादळवाट_शिकागो
@कट्टेकरी, हेल्मेटवाला. फक्त त्या काळी हेल्मेट नव्हतं, तिथेच सगळं दुखणं होतं.

मी या गावात २२ वर्षं आहे, मुलगा शाळेच्या संघातून खेळला, म्हणून खेळ थोडा समजतो. कबड्डी डोळ्यांसमोर आणा. आज अमेरिकन फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. स्टॅग खेळत होता तेव्हा तीन प्रयत्नांत ५ यार्ड, आणि चेंडू पुढे फेकायला बंदी. मग पाच यार्ड मिळवायचे कसे? सगळ्यांनी हातात हात अडकवून एक गठ्ठा करायचा, चेंडूवाल्याला मध्ये घालायचं आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आदळायचं. १८९२ मध्ये हार्वर्डने तर पाचर काढली. खेळाडू लांबून दोन बाजूंनी धावत येऊन त्रिकोणात जुळायचे आणि सगळं वजन समोरच्या एकाच माणसावर. मानेची हाडं, बरगड्या, डोकी फुटायची. १९०५ च्या एका हंगामात शिकागो ट्रिब्यूनने १८ मृत्यू मोजले. त्यात बरीचशी शाळेतली पोरं होती.

राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने त्या ऑक्टोबरात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. कोलंबिया विद्यापीठाने खेळच बंद केला. मग १९०६ चे नवे नियम आले: चेंडू पुढे फेकायला परवानगी, आणि ५ ऐवजी १० यार्ड. एवढ्याने गठ्ठा सुटला, खेळ मैदानभर पसरला. नियम ठरवणाऱ्या मंडळींत स्टॅग अनेक वर्षं बसत होता, आणि पासचा खेळ मनापासून उचलणाऱ्या पहिल्या काही प्रशिक्षकांत तो आहे. पुढे नोटर डेम विद्यापीठाच्या संघाला नावारूपाला आणणारा प्रशिक्षक नूट रॉकनी म्हणायचा, सगळा फुटबॉल स्टॅगकडूनच आलाय. रॉकनी शिकागोतच वाढलेला, तेव्हा त्याने जवळून पाहिलेलं.

ताई, मूळ प्रश्नावर नंतर लिहितो. आज कामाची घाई आहे.

कट्टेकरी
म्हणजे घोटापकड करायला बारा जण एकदम! समजलं. धन्यवाद दादा.

वादळवाट_शिकागो
अकरा. पण हो, तसंच.

तालमीतला_गडी
हे वाचून आमचे वस्ताद डोळ्यासमोर उभे राहिले बघा. लंगोट घट्ट, व्यसन नाही, शिवी नाही. स्टॅगबद्दल मी एक वाचलंय. तो ना दारू प्यायचा, ना तंबाखू, ना तोंडात घाणेरडा शब्द. फार चिडला की म्हणायचा "गाढवा!" आणि त्याहून चिडला तर "दुप्पट गाढवा!" पोरं आपापसात मोजायची म्हणे, आज कोण कितीदा गाढव झालं. आमच्या वस्तादांचा शब्द "म्हसोबा". मला आठवड्यातून चारदा मिळायचा, आणि ज्या दिवशी मिळायचा नाही त्या दिवशी वाटायचं आज वस्तादांचं आपल्याकडं लक्षच नव्हतं.

आणखी एक. पकड शिकवायला पोरं एकमेकांवर सोडली की मोडतोड होते, म्हणून त्याने येलमध्ये असतानाच गादी गुंडाळून टांगली आणि तिच्यावर झेप घ्यायला लावलं. आज जिकडे तिकडे डमी दिसते, तिचं मूळ तिथलं. खेळाडूचं अंग वाचवायची बुद्धी ज्याला सुचते तो खरा वस्ताद. आप्पांना सांगा, शिट्टी खुंटीवर ठेवू नका, गंज चढतो.

नीरक्षीर
धागा चांगला आहे, पण आरती जरा लवकर सुरू झाली असं मला वाटतं. दुसरी बाजू मांडतो, राग नसावा.

शिकागो विद्यापीठ रॉकफेलरच्या पैशावर उभं राहिलेलं. पहिला अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हा येलमध्ये स्टॅगचा शिक्षक होता. त्याने या तरुणाला २५०० डॉलर पगार आणि सहयोगी प्राध्यापकाचा दर्जा देऊन आणलं. खेळाच्या प्रशिक्षकाला प्राध्यापकाची कायम नोकरी ही तेव्हा नवी गोष्ट होती. हार्परला विद्यापीठाचं नाव देशभर करायचं होतं आणि फुटबॉल ही त्याची सर्वात मोठी जाहिरात होती. १८९४ च्या नाताळात संघ आगगाडीने थेट सॅन फ्रान्सिस्कोला नेऊन स्टॅनफर्डशी खेळवला, तो कशासाठी? शाळकरी खेळाडूंच्या मोठ्या स्पर्धा आपल्या मैदानावर भरवायच्या, त्यातून चांगली पोरं हेरायची, अभ्यासात त्यांना सांभाळून घ्यायचं, हे सगळं तिथे झालं. आज अमेरिकेतल्या कॉलेज खेळात पैशाचा जो पूर आहे त्याचा एक झरा स्टॅगच्या अंगणातून निघतो. वैयक्तिक आयुष्यात तो निर्मळ होता, मान्य. पण ज्या यंत्रणेवर तो बसला होता ती निर्मळ नव्हती.

दुसरं म्हणजे शोधांची यादी. पाठीवरचे आकडे, डोकी एकत्र घालून घोळक्यात डाव ठरवणं, सगळं त्याच्या नावावर चढवतात. यातल्या कित्येक गोष्टींवर दोन-तीन जणांचे दावे आहेत.

आणि तिसरं, मूळ प्रश्नाबद्दल. शेवटच्या काही हंगामांत शिकागोचा संघ सारखा हरत होता. विद्यापीठाने ७० ची मर्यादा सगळ्या प्राध्यापकांना लावली होती. एकट्या स्टॅगसाठी ती का मोडायची? आपल्याकडे खुर्ची न सोडणारे किती आहेत, ते आपण रोज बघतो. वेळेवर बाजूला झालेला माणूस मला जास्त मोठा वाटतो.

मैदानमाती
@नीरक्षीर, राग अजिबात नाही. असंच कुणीतरी बोलावं म्हणून तर धागा काढला. जाहिरातीचा मुद्दा मला पटतो. स्टॅगला त्याची झळ लागली नाही असं मीही म्हणणार नाही.

पण हरण्याबद्दल एक सांगू? त्याला घालवल्यावर शिकागोचं काय झालं? १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये ७६ वर्षांचा स्टॅग पॅसिफिकचा लहानसा संघ घेऊन शिकागोला आला. ज्या मैदानाला त्याचं स्वतःचं नाव दिलेलं होतं, त्या स्टॅग फील्डवर. आणि ३२–० ने जिंकून गेला. पुढच्या वर्षी मिशिगनने शिकागोला ८५–० असं धुतलं आणि डिसेंबरात अध्यक्ष रॉबर्ट हचिन्सच्या विद्यापीठाने मोठ्या स्पर्धांतला फुटबॉल बंदच करून टाकला. म्हणजे हरत होते ते म्हाताऱ्या कोचमुळे नव्हे. तिथे चांगला खेळाडूच यायचा थांबला होता.

१९४३ मध्ये पॅसिफिकने ७ सामने जिंकले, २ हरले. कॅलिफोर्निया आणि यूसीएलए या मोठ्या विद्यापीठांच्या संघांना हरवलं. त्या वर्षी देशातल्या प्रशिक्षकांनी 'वर्षाचा सर्वोत्तम प्रशिक्षक' म्हणून स्टॅगला निवडलं. वय ८१.

मोगरा_फुलला
३२–० वाचून अंगावर काटा आला.

नीरक्षीर
३२–० मला माहीत नव्हतं. ८५–० चा मुद्दाही घेतला, खेळाडू येत नव्हते हे खरं. तेवढ्यापुरतं माझं म्हणणं मागे.

मात्र जिंकण्याची किंमत कोण मोजतं, तेही एकदा बघा. ३० नोव्हेंबर १९०५, शिकागो विरुद्ध मिशिगन. मिशिगन ५६ सामने अपराजित. सामना शिकागोने २–० ने जिंकला. मिशिगनचा डेनी क्लार्क चेंडू घेऊन निघाला आणि त्याला त्याच्याच गोलरेषेमागे पाडलं, त्याचे ते दोन गुण. हार्पर तेव्हा कर्करोगाने अंथरुणाला खिळलेला. त्याला टेलिफोनवरून सामन्याची खबर देत होते, आणि तो पुढच्या जानेवारीत गेला. इकडे आनंदीआनंद. तिकडे क्लार्कवर सगळ्यांनी खापर फोडलं. त्या एका क्षणाने त्याला जन्मभर सोडलं नाही आणि १९३२ मध्ये त्याने आत्महत्या केली. वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता हो तो, त्या दिवशी. खेळ म्हटला की मला आधी तो आठवतो.

वादळवाट_शिकागो
खरं आहे. क्लार्कची गोष्ट मी मुलाला तो पहिल्यांदा संघात निवडला गेला त्या दिवशी सांगितली होती. त्या वयात ती कळावी असं मला वाटलं.

जुनी_वही
इतका वेळ नुसती वाचत होते. मला काळाचं गणित मांडायची खोड आहे, म्हणून लिहिते.

स्टॅग येलमध्ये शिकत होता तेव्हा, मार्च १८८६ मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. दोन्ही गावं अमेरिकेच्या एकाच किनाऱ्यावरची. स्टॅगचा शिकागोतला दुसरा हंगाम सुरू होत होता तेव्हा, ११ सप्टेंबर १८९३ ला, स्वामी विवेकानंद त्याच शहरात सर्वधर्म परिषदेत बोलले. परिषद शहराच्या मध्यभागी होती, पण ज्या जागतिक प्रदर्शनानिमित्त ती भरली त्याची जत्रा विद्यापीठाला लागूनच होती, मिडवे नावाच्या पट्ट्यात. जगातला पहिला फेरिस पाळणा तिथेच फिरला. स्टॅगला पुढे 'मिडवेचा म्हातारबाबा' म्हणायचे, तो हाच मिडवे.

पण मला सारखे आठवताहेत ते महर्षी कर्वे. जन्म १८५८, निधन १९६२, वय १०४. स्टॅग १८६२ ते १९६५, वय १०२. दोघंही गरिबीतून आलेले. कर्वे परीक्षेसाठी मुरुडहून चालत साताऱ्याला गेले आणि अंगाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिलं नाही. स्टॅग बिस्किटांवर राहिला. दोघांनाही बोलण्यापेक्षा करणं जमायचं. आणि दोघांचंही सगळं आयुष्य दुसऱ्यांची मुलं मोठी करण्यात गेलं. मैदानमाती, तुझ्या आप्पांना कर्व्यांचं नाव सांगितलंस तर ते लगेच ओळख दाखवतील. मग हळूच स्टॅगकडे ने.

मैदानमाती
जुनी_वही काकू, हे फार सुंदर सुचवलंत. आप्पांच्या खोलीत अण्णासाहेबांचा फोटो आहेच!

रिंगण
बास्केटबॉलवाले गप्प कसे, म्हणून मी आलो.

जेम्स नायस्मिथने डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला बास्केटबॉल काढला, हे सगळ्यांना पाठ असतं. तो नायस्मिथ स्टॅगच्या फुटबॉल संघात मधल्या जागेवर खेळायचा, हे कुणी सांगत नाही. ११ मार्च १८९२ ला लोकांसमोर पहिला सामना झाला, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी, सुमारे २०० प्रेक्षक. विद्यार्थी ५–१ ने जिंकले. शिक्षकांचा तो एकुलता एक गुण स्टॅगचा! फुटबॉलची सवय अंगात, त्यामुळे ढकलाढकलीही त्याचीच जास्त. पुढे बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये १९५९ च्या पहिल्याच तुकडीत त्याचं नाव आलं. कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तर १९५१ मध्ये, खेळाडू म्हणूनही आणि प्रशिक्षक म्हणूनही.

आपला धागा कुठे जुळतो ते बघा. त्याच स्प्रिंगफील्डमध्ये शिकलेला हॅरी क्रो बक मद्रासला आला आणि त्याने १९२० मध्ये वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलं. माझे आजोबा तिथून शिकून सोलापुरात पीटीचे सर झाले. ड्रिल, रेषा, शिट्टी, "सावधान" म्हणून मैदानावर मुलांना उभं करणं, सगळं ते तिथून घेऊन आले. म्हणजे आमच्या घरापर्यंत त्या शाळेचं वळण पोचलंय.

कट्टेकरी
एका माणसाने किती खेळात हात घालावा! बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉल.

तालमीतला_गडी
धावण्याच्या खेळाडूंनाही शिकवायचा. पूर्वीचे वस्ताद असेच. कुस्ती शिकवणारा लाठीही शिकवायचा, मोडलेला हातही बसवायचा.

वादळवाट_शिकागो
आता निवांत बसलोय. स्टॅग फील्डचं सांगतो, कारण ती जागा मी पाहिली आहे.

फुटबॉल बंद झाल्यावर ते मोठं प्रेक्षागृह ओस पडलं. पश्चिमेच्या प्रेक्षकसज्जाखाली रॅकेट खेळायची एक बंदिस्त खोली होती. युद्ध सुरू होतं. त्या खोलीत एन्रिको फर्मी या भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या माणसांनी ग्राफाइटच्या विटा एकावर एक रचल्या, मध्ये युरेनियम, आणि २ डिसेंबर १९४२ च्या दुपारी माणसाने पहिल्यांदा अणूची साखळी प्रक्रिया घडवून ती आवरून धरली. जिथे पोरं आरोळ्या ठोकत होती त्याच्या खाली. भर शहरात.

आज तिथे प्रेक्षागृह नाही, त्या जागेवर मोठं ग्रंथालय उभं आहे. जिथे ती विटांची रास होती तिथे हेन्री मूरचं ब्रॉन्झचं शिल्प आहे, १९६७ मध्ये बसवलेलं. एका बाजूने पाहिलं तर कवटी वाटते, दुसऱ्या बाजूने ढग. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बर्फ पडत होता. अणूबद्दलचे फलक वाचले. ज्या माणसाने त्या जमिनीवर चाळीस वर्षं पाय रोवले, त्याची आठवण मला तिथे आपल्या मनानेच काढावी लागली. विद्यापीठाचं आत्ताचं मैदान थोडं दूर आहे, त्याला मात्र स्टॅगचंच नाव आहे, आणि १९६९ पासून तिथे पुन्हा फुटबॉल खेळतात. साधा, बिनगाजावाज्याचा. आणि तिसऱ्या विभागातल्या, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या कॉलेजांच्या अंतिम सामन्याला 'स्टॅग बोल' म्हणतात. @नीरक्षीर, पैशाच्या पुराबद्दल तुम्ही लिहिलंत ते बरोबर, पण त्याचं नाव उरलं आहे ते पैसा नसलेल्या टोकाला. मला यात समाधान वाटतं.

नीरक्षीर
हे छान सांगितलंत. मलाही वाटलं.

अंगणातली_तुळस
सगळे स्टॅग स्टॅग करताहेत, त्याच्या बायकोचं काय? मैदानमाती, तुझ्या आईचं काय? पहाटे पाचला चहा कोण करत होतं?

मैदानमाती
आई. तेरा वर्षं. आणि त्याआधी तीस.

तुम्ही विचारलंत म्हणून शोधलेलं सांगते. स्टेला रॉबर्टसन, शिकागो विद्यापीठाचीच विद्यार्थिनी. १८९४ मध्ये लग्न झालं. नुसती चहा करणारी नव्हती हो ती. प्रेक्षकांत बसून प्रत्येक डाव कागदावर उतरवायची, समोरच्या संघाचा खेळ बघून टिपणं काढायची. म्हणजे आज ज्याला विश्लेषक म्हणतात ते काम, पगाराशिवाय. १९६४ मध्ये ती गेली. त्यानंतर स्टॅग वर्षभरही राहिला नाही, १७ मार्च १९६५ ला स्टॉकटनमध्येच गेला.

हे लिहिताना मी उठून आईजवळ जाऊन आले.

अंगणातली_तुळस
❤

शिट्टी_नवी
मी या धाग्यावर बोलावं की नाही, दोन दिवस विचार करत होतो. मी २८ वर्षांचा आहे, एका शाळेत नवा क्रीडाशिक्षक. तुमच्या आप्पांच्या शाळेतला नाही, पण अशाच परिस्थितीतला. माझ्याही मैदानावर जुने सर यायचे.

मनापासून सांगतो, मला त्यांच्याबद्दल आदर होता आणि तरी मला रोज पोटात गोळा यायचा. मी मुलींना एकेरी साखळी एका पद्धतीने सांगायचो, सर मागून म्हणायचे, "तसं नाही, असं." मुली त्यांच्याकडे बघायच्या. एक दिवस मी रडलो घरी. मी सरांना कधी "येऊ नका" म्हटलं नाही, पण संस्थेने म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. आणि आता ते येत नाहीत तर सकाळचं मैदान मला खायला उठतं.

म्हणून स्टॅगबद्दलचं एक मला जास्त भिडलं, त्याकडे इथे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. १९४६ नंतर पॅसिफिकनेही त्याला मुख्य पदावरून बाजूला केलं. वय ८४. तेव्हा तो कुठे गेला? पेनसिल्व्हेनियात, सस्क्वेहाना नावाच्या छोट्या विद्यापीठात. तिथे मुख्य प्रशिक्षक होता त्याचाच मुलगा, धाकटा अमोस अलोन्झो स्टॅग. म्हातारा स्टॅग १९४७ ते १९५२ मुलाच्या मैदानावर मुलाच्या जोडीने उभा राहिला. १९५१ मध्ये त्यांचा संघ एकही सामना हरला नाही. नंतर स्टेलाची तब्येत बिघडली म्हणून प्रवास सोडला आणि स्टॉकटनमधल्या ज्युनियर कॉलेजात तो फक्त लाथेने चेंडू मारणाऱ्या पोरांना शिकवायला जाऊ लागला. तेवढंच. नव्वदी ओलांडलेला, नावावर ३१४ विजय असलेला, १९८१ पर्यंत कुणी मोडू न शकलेला विक्रम करणारा माणूस. आणि काम काय, तर पोराचा पाय चेंडूवर कुठे बसतोय ते बघायचं.

नीरक्षीर काका म्हणाले खुर्ची सोडावी. त्याने खुर्ची दर वेळी सोडली, आणि दर वेळी आधीपेक्षा लहान सतरंजीवर जाऊन बसला. मैदान मात्र सोडलं नाही. जुने सर असे आले असते, "तू बाकी सगळं बघ, मी फक्त लहान पोरींना खांबावरचा सूर शिकवतो" असं म्हणाले असते, तर मी त्यांच्या पाया पडलो असतो. आणि खरं तर हे मीच त्यांना जाऊन म्हणायला हवं होतं.

नीरक्षीर
शिट्टी_नवी, तुमचं लिहिणं वाचून मी माझं मत पुन्हा तपासलं. पद सोडणं आणि काम सोडणं मी एकत्र बांधलं होतं. तुम्ही ती गाठ सोडवलीत.

तालमीतला_गडी
उद्याच्या उद्या जा सरांच्या घरी. नारळ घेऊन जा.

शिट्टी_नवी
जातो.

मोगरा_फुलला
मैदानमाती, आप्पांना वाचून दाखवलंत का? आठवडा झाला, वाट बघतोय सगळे.

मैदानमाती
दाखवलं. परवा रात्री जेवणं झाल्यावर. काकूंनी सांगितल्याप्रमाणे कर्व्यांपासून सुरुवात केली. ३२–० ला आप्पांनी मांडीवर थाप मारली. डेनी क्लार्कला गप्प झाले. मग म्हणाले, "राज्य स्पर्धेत आपली एक मुलगी शेवटच्या मिनिटाला खांबापाशी घसरली होती, तिला मी काय बोललो होतो देव जाणे." तिचं आता लग्न होऊन ती कऱ्हाडला असते. आप्पांनी तिचा नंबर शोधायला सांगितला आणि फोन केला. तिला तो सामना आठवत होता, आप्पांचं बोलणं आठवत नव्हतं. आप्पा बराच वेळ नुसते "बरं आहेस ना, बरं आहेस ना" म्हणत राहिले.

मग शिट्टी_नवी यांचं पूर्ण वाचलं. दोनदा वाचायला लावलं. "नव्वदीत फक्त लाथ मारायला शिकवायचा?" असं विचारलं, आणि झोपायला गेले.

काल सकाळी ओसरीवर नव्हते. आईला विचारलं तर म्हणाली, सायकल घेऊन गेलेत. साडेआठला आले. शाळेतल्या त्या नव्या प्रशिक्षकाच्या खोलीवर गेले होते, चहा घेऊन आले त्याच्याकडे. तो मुलगा गडहिंग्लजचा आहे, एकटा राहतो, डबा लावलाय. ठरलं असं की शाळेचा संघ त्याचाच. शाळेच्या मैदानावर आप्पा जाणार नाहीत. पण मारुतीच्या देवळामागे मोकळी जागा आहे, तिथे तिसरी-चौथीच्या मुलींना आप्पा बसणं, उठणं आणि 'खो' देणं एवढंच शिकवणार. पाचवीत गेल्या की त्या नव्या सरांकडे. रविवारी आई त्या मुलाला जेवायला बोलावणार आहे.

आज दुपारी आप्पा दोन खांब तासून घेऊन आले. जमीन खडकाळ आहे, पहार लागणार आहे, शेजारच्यांकडून आणलीये. मला म्हणाले, चुन्याची अर्धी पिशवी आण, आणि रेषा वाकडी येऊ नये म्हणून सुतळीही.